पोवळ्यांसाठी पैसा: वादळाच्या विम्यापासून ब्लॉकचेनपर्यंत

ऑक्टोबर २०२० मध्ये डेल्टा चक्रीवादळ मेक्सिकोच्या क्विंताना रू किनाऱ्यावर आलं. तिथल्या प्रवाळभित्तीचा चक्क विमा उतरवलेला होता. पाण्याखाली किती मोडतोड झाली, याच्याशी दाव्याचा संबंध नव्हता. ठरलेल्या टापूत वाऱ्याचा वेग १०० नॉटपुढे (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) गेला की पैसे द्यायचे, एवढीच अट. सुमारे साडेआठ लाख डॉलर मिळाले आणि आधीच प्रशिक्षण घेतलेले पाणबुडे तुटलेले तुकडे पुन्हा खडकाला चिकटवायला लागले. यात ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर जपलेली, खोडता न येणारी नोंदींची साखळी) कुठेच नव्हतं. पण ‘अट पुरी झाली की पैसे आपोआप सुटावेत’ हे स्मार्ट काँट्रॅक्टवाल्यांचं, म्हणजे करार संगणकी साखळीवर लिहून तिच्याकडूनच अमलात आणू पाहणाऱ्यांचं, स्वप्न इथे साध्या कागदी करारावर चाललं होतं.

पोवळी वाचवायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न ऐरणीवर आला तो १९९८ मध्ये. समुद्र तापला की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारी, त्याला अन्न पुरवणारी शैवालं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. त्या वर्षी हे पहिल्यांदा जगभर घडलं. आपल्या लक्षद्वीपलाही मोठा फटका बसला. पुढे २०१० आणि २०१४ ते २०१७ अशा दोन लाटा येऊन गेल्या. चौथी लाट एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाली. २००९ ते २०१८ या काळात जगातले सुमारे १४ टक्के प्रवाळ गेले. पुनर्रोपण करावं, तर एका हेक्टरचा मध्यक खर्च ४ लाख डॉलरच्या घरात जातो.

हा पैसा आजवर कुठून आला? कॅरिबियनमधल्या बोनेर बेटाने १९९२ पासून डायव्हिंगला येणाऱ्या पर्यटकांकडून शुल्क घेऊन सागरी उद्यान चालवलं. सेशेल्स आणि बेलीझ यांनी आपल्या परकीय कर्जाची फेररचना करून त्या बदल्यात समुद्र राखण्याची हमी दिली. ऑस्ट्रेलिया सरकारने २०१८ मध्ये तब्बल ४४.३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर एकाच खासगी प्रतिष्ठानाला स्पर्धात्मक निविदेशिवाय दिले. त्यावर मोठा गदारोळ झाला. संशोधनाचीही तीच कथा. उष्णता सोसणारे प्रवाळ घडवता येतील का, हा हवाईतल्या रूथ गेट्स आणि ऑस्ट्रेलियातल्या मॅडेलिन व्हॅन ओपेन यांचा प्रयोग मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीवर उभा राहिला. देणारा उदार होता हे खरंच, पण कुठल्या प्रश्नावर काम व्हावं हे एका तिजोरीवर अवलंबून राहावं का?

विकेंद्रित विज्ञानाची, म्हणजे डीसायची, चळवळ नेमकं हेच विचारते. संशोधनाचा पैसा एका दात्याऐवजी अनेकांनी मिळून द्यावा, असं ती म्हणते आणि त्यासाठी ब्लॉकचेन वापरते. बिटकॉइन २००९ चं. २०१५ मध्ये इथेरियम आलं आणि व्यवहाराच्या नोंदीबरोबर अटीही साखळीवर लिहिता येऊ लागल्या. गिटकॉइन या वर्गणीच्या मंचाने लोकवर्गणीला ‘क्वाड्रॅटिक फंडिंग’ची जोड दिली. यात १०० जणांनी दिलेला एकेक डॉलर एकाने दिलेल्या १०० डॉलरपेक्षा सामायिक निधीतून कितीतरी जास्त पैसा ओढतो. आपल्याकडच्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्या वर्गणीला हे गणित लावलं असतं, तर चाळीतल्या दहा-दहा रुपयांपुढे शेठजींची पावती फिकी पडली असती! २०२१ मध्ये व्हिटाडाओ हा सभासदांचा गट आला. दीर्घायुष्यावरच्या संशोधनाला सभासदांनी मतदान करून पैसे द्यायचे आणि त्यातून निघणाऱ्या बौद्धिक संपदेचा हक्क टोकन, म्हणजे खरेदी-विक्री करता येणारी डिजिटल पावती, म्हणून साखळीवर ठेवायचा, अशी ही रचना.

प्रवाळाचं घोडं इथेच अडतं. औषधाचं पेटंट विकता येतं. पोवळ्याची भित्ती लाटा अडवते, मासळीला आसरा देते, पण तिचा परतावा टोकनधारकाच्या खात्यात जमा होत नाही. त्यामुळे व्हिटाडाओचा साचा उचलून समुद्रात ठेवता येत नाही, उरते ती वर्गणीच.

निसर्ग आणि क्रिप्टो यांची सोयरीक आधीही दोनदा आंबली आहे. क्लायमाडाओ या अशाच गटाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कार्बन क्रेडिट, म्हणजे हवेत जाणारा कार्बन टाळल्याची विकता येणारी प्रमाणपत्रं, साखळीवर आणली. काही महिन्यांतच त्याच्या टोकनचा भाव ९० टक्क्यांहून जास्त कोसळला आणि मे २०२२ मध्ये व्हेरा या प्रमाणन संस्थेने वापरून निकाली काढलेल्या क्रेडिटवर टोकन काढायला बंदी घातली. फेब्रुवारी २०२२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ब्रिटिश शाखेने दुर्मीळ प्राण्यांचे एनएफटी, म्हणजे चित्रांच्या मालकीची साखळीवर नोंदलेली टोकनं, विकायला काढले. साखळी चालवणाऱ्या संगणकांच्या वीजखर्चावरून इतकी टीका झाली की ती विक्री काही दिवसांतच आवरती घ्यावी लागली. इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये पद्धत बदलून आपला वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटवला, तेव्हा तो आक्षेप बराचसा मिटला.

माझ्या मते खरी अडचण विजेची नव्हतीच. साखळी पैशाचा हिशेब चोख ठेवते. पाण्याखाली लावलेलं रोप जगलं की मेलं, हे तिला कुणीतरी सांगावं लागतं. प्रवाळ पुनर्रोपणाच्या निम्म्याहून अधिक प्रकल्पांत दीड वर्षाच्या पुढे देखरेख झाल्याची नोंदच नाही. तिथे खोडता न येणाऱ्या वहीत लिहायचं काय? मेक्सिकोतला विमा चालला, कारण वाऱ्याचा वेग कुणाला पटवून द्यावा लागत नाही. तसाच आकडा उष्णतेचाही आहे. अमेरिकेची नोआ संस्था उपग्रहांच्या आधारे प्रवाळांवर साचत गेलेला ताप मोजते आणि सगळ्यांसाठी खुला ठेवते. त्या आकड्यावर पैसे सोडणारा करार साखळीवर लिहिणं अवघड नाही. पण तो आकडा पाण्याच्या पृष्ठभागाचा. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, सरखेल कान्होजींचं आडनाव मिरवणारा आंग्रिया बँक हा समुद्राखालचा प्रवाळी उंचवटा आहे. त्याचा सर्वांत उथळ माथासुद्धा सुमारे २० मीटर खोल. तिथली पोवळी जिवंत आहेत का, हे पाहायला बोट, डिझेल आणि पाठीवर सिलिंडर बांधून उतरणारा माणूसच लागतो, आणि तोही दरवर्षी.