बावीस मोठे की सहा?

रिपोर्ट अगदी साधा होता. रात्री दहा ते सकाळी सहा या पाळीत दारावरच्या यंत्राला किती जणांनी कार्ड दाखवलं, एवढंच मोजायचं होतं. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिली, चालवली, उत्तर आलं शून्य. एरर नाही, इशारा नाही, पडद्यावर नुसतं रिकामं टेबल. आधी वाटलं, त्या रात्रीचा डेटाच आलेला नसणार. म्हणून दिवसपाळीचा रिपोर्ट काढून पाहिला, तर तो व्यवस्थित भरलेला. मग टेबल उघडून बसलो. नोंदी डोळ्यांसमोर होत्या: २१:५२, २२:००, २३:४७, ००:१३, ०३:३०, ०६:००. आणि माझी अट होती ही:

वेळ बिटवीन '२२:००' अँड '०६:००'

मोठ्याने वाचली तर यात काही खटकत नाही. 'दहा ते सहा' म्हटलं की मधली रात्र आपण न सांगता धरतो. डेटाबेस धरत नाही. बिटवीन हे त्याच्या लेखी दोन तुलनांचं लघुरूप आहे: वेळ २२:०० पेक्षा लहान नको, आणि ०६:०० पेक्षा मोठी नको. दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या. २३:४७ पहिलीत पास होते, दुसरीत नापास. ०३:३० चं नेमकं उलटं. बावीसपेक्षा मोठा आणि सहापेक्षा लहान असा आकडाच नाही, त्यामुळे शून्य हे उत्तर बिनचूक होतं. चुकला होता तो प्रश्न.

डेटाबेसमध्ये नुसत्या वेळेचा कॉलम म्हणजे मध्यरात्रीपासून किती वेळ झाला याचा आकडा. शिंप्याची टेप जमिनीवर सरळ पसरली, एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला चोवीस, असं समजा. या टेपेवर ००:१३ अगदी डाव्या टोकाला आहे आणि २३:४७ उजव्या. प्रत्यक्षात त्यांच्यात फक्त २६ मिनिटं आहेत. टेपेची दोन टोकं शिवून कडं केलं की हे अंतर लगेच दिसतं, पण कडं केल्याबरोबर दुसरी एक गोष्ट हातची जाते: आधी कोण आणि नंतर कोण, हे आता सांगता येत नाही. पहाटेचे तीन रात्रीच्या दहाच्या आधी की नंतर? एकोणीस तास आधी म्हणा किंवा पाच तास नंतर म्हणा, दोन्ही खरं. कड्यावर 'लहान-मोठं' विचारण्यात अर्थ नाही. 'इथून पुढे किती अंतरावर?' एवढंच विचारता येतं.

हा घोळ तुलनेपुरता थांबत नाही. कुणी एका रात्री अकराला झोपलं आणि दुसऱ्या रात्री एकला, तर झोपायची सरासरी वेळ काय? २३ आणि १ यांची बेरीज २४, भागिले दोन, म्हणजे दुपारचे बारा! वर्तुळावरच्या मोजमापांची सरासरी काढणारे लोक म्हणून वेगळी वाट धरतात. प्रत्येक वेळेचा, चोवीस तासांच्या घड्याळाच्या मध्यापासून निघणारा बाण काढायचा, साइन-कोसाइन वापरून बाणांची बेरीज करायची आणि आलेल्या बाणाची दिशा वाचायची. उत्तर मध्यरात्र येतं. सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा घेतले तर बाण एकमेकांना खाऊन टाकतात आणि सरासरी उरतच नाही. मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटतं.

वेगवेगळे डेटाबेससुद्धा टेप की कडं यावर एकमताचे नाहीत. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये २२:०० या वेळेत आठ तास मिळवले तर ०६:०० मिळतात, म्हणजे तिथे कडं आहे. मायएसक्यूएलच्या ॲडटाइमला, म्हणजे वेळांची बेरीज करणाऱ्या फंक्शनला, तेच विचारा, तो ३०:०० म्हणतो, कारण त्याचा टाइम हा प्रकार घड्याळाची वेळ आणि लोटलेला कालावधी अशा दोन्ही कामांना येतो आणि उणे ८३८:५९:५९ पासून अधिक ८३८:५९:५९ पर्यंत जातो. गंमत म्हणजे बेरजेत कडं मानणारं पोस्टग्रेसक्यूएल वजाबाकीत परत टेपेवर येतं: ०६:०० मधून २२:०० वजा केले की उणे सोळा तास. पाळी किती तासांची हे अशा वजाबाकीने काढलं, तर रात्रपाळीवाल्याचे तास उणे लागतील.

माझ्या रिकाम्या रिपोर्टवरचा पहिला इलाज सगळ्यांना माहीत असलेलाच. रात्रीचे दोन तुकडे करायचे आणि मध्ये 'अँड'ऐवजी 'ऑर' घालायचा: वेळ २२:०० किंवा त्यापुढची, नाहीतर ०६:०० च्या आतली. कंस मात्र विसरायचे नाहीत. एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरी लिहायच्या भाषेत, अँड हा ऑरपेक्षा आधी सुटतो, त्यामुळे पुढे 'आणि दरवाजा क्रमांक ३' अशी अट जोडली तर ती फक्त शेवटच्या तुकड्याला चिकटते. मग रात्री बारापर्यंत सगळ्या दरवाजांच्या नोंदी येतात आणि बारानंतर एकाच दरवाजाच्या.

पाळ्यांच्या वेळा क्वेरीत ठोकलेल्या नसून दुसऱ्या टेबलातून येत असल्या, काही दिवसाच्या, काही रात्रीच्या, तर ऑर पुरत नाही. 'सुरुवात शेवटापेक्षा लहान असेल तर असं, नाहीतर तसं' अशी केस लिहावी लागते. लिहायला हरकत नाही, पण मला कड्याचा सरळ हिशोब जास्त आवडतो. सगळं मिनिटांत घ्या, दिवसाची मिनिटं १४४०. प्रत्येक नोंद पाळी सुरू झाल्यापासून किती मिनिटं पुढे आहे ते काढा: वेळ वजा सुरुवात, अधिक १४४०, आणि १४४० ने भागून उरलेली बाकी. २२:०० म्हणजे १३२० आणि ०१:३० म्हणजे ९०. ९० वजा १३२० उणे १२३०, त्यात १४४० मिळवले की २१०, म्हणजे साडेतीन तास. पाळीची लांबी याच रीतीने ४८० येते. २१० हे ४८० पेक्षा कमी, माणूस पाळीत आहे. २१:५२ ला आलेल्याचं काय? उणे ८ अधिक १४४०, म्हणजे १४३२. आठ मिनिटं लवकर आलेला माणूस या हिशोबात जवळजवळ एक दिवस उशिरा आलेला दिसतो आणि बाहेर राहतो, जे आपल्याला हवंच आहे. दिवसपाळीलाही हेच सूत्र लागू पडतं, वेगळी केस नको. आधी १४४० मिळवायचे ते अशासाठी, की बहुतेक डेटाबेसमध्ये उणे आकड्याची बाकी उणेच येते आणि उणे आकडा ४८० पेक्षा कमी म्हणून सगळ्यांनाच आत घेतो. किंमत एकच: कॉलमवर गणित केलं की त्यावरचा साधा इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधून देणारी सूची, सहसा कामाला येत नाही. टेबल प्रचंड असेल तर ऑरच बरा.

रिकामं उत्तर निदान संशय तरी जागवतं. त्याहून वाईट आहे ती मदत. सिमेट्रिक नावाचा शब्द बिटवीनला जोडता येतो, पोस्टग्रेसक्यूएलमध्ये तो चालतो. सीमा उलट्या दिल्या असतील तर तो गुपचूप अदलाबदल करतो. म्हणजे 'दहा ते सहा' विचारलं की सकाळी सहा ते रात्री दहा मिळतात. रात्रीऐवजी दिवस! दोन कालावधी एकमेकांवर येतात का हे सांगणारा ओव्हरलॅप्स तिथे हेच करतो, जोडीतली लहान वेळ आपणहून सुरुवात मानतो. रिपोर्ट भरलेला येतो, आकडे सुबक दिसतात, कुणाला शंका येत नाही.

'मग उलटं विचारू, दिवस वगळा' म्हणून नॉट बिटवीन ०६:०० अँड २२:०० लिहिणारे आहेत. मीही लिहिलंय. बिटवीन दोन्ही टोकं आत धरतो, म्हणून त्याचा नकार दोन्ही टोकं बाहेर टाकतो. बरोब्बर २२:०० ला कार्ड दाखवणारा, सगळ्यात वक्तशीर माणूस, यादीतून गायब. म्हणूनच सुरुवात आत, शेवट बाहेर, असा अर्धा उघडा कालावधी घ्यायची रीत आहे. संगणकशास्त्रज्ञ एडस्गर डायक्स्ट्रा यांनी १९८२ साली मोजणी शून्यापासून का करावी याबद्दल एक छोटं टिपण लिहिलं, त्यात हीच मांडणी सरस ठरवली आहे. लगतचे दोन तुकडे असे घेतले की मध्ये फट राहत नाही आणि एकमेकांवर चढतही नाहीत. उलट 'दिवसाचा शेवट २३:५९:५९.९९९' असं लिहिणाऱ्यांना एसक्यूएल सर्व्हर या आणखी एका डेटाबेसचा जुना डेटटाइम प्रकार चांगलाच धडा देतो. त्याची बारकाई सेकंदाचा तीनशेवा भाग एवढीच, त्यामुळे .९९९ हा आकडा तो जवळच्या खाचेत बसवतो आणि ती खाच असते दुसऱ्या दिवशीची मध्यरात्र.

आता खरा अवघड भाग, ज्यात ऑर किंवा बाकी यांपैकी कुणीच वाचवत नाही. 'शनिवारच्या रात्रपाळीचा रिपोर्ट द्या.' मी अट जोडली: वार शनिवार, आणि कंसात ती ऑरवाली रात्र. उत्तर आलं, पूर्ण आठ तासांचं, दिसायला निर्दोष. नीट पाहिलं तर त्यात शनिवारच्या ००:०० ते ०६:०० या नोंदी होत्या, म्हणजे शुक्रवारच्या पाळीचं शेपूट, आणि शनिवारी २२:०० ते मध्यरात्र, म्हणजे शनिवारच्या पाळीचं डोकं. दोन रात्रींचे दोन तुकडे जोडून एक रात्र तयार झाली होती. आपण सहज 'शनिवारी रात्री दीडला' म्हणतो तेव्हा कॅलेंडरात रविवार लागलेला असतो, आणि डेटाबेस कॅलेंडरचं ऐकतो.

इथे नुसत्या वेळेचा कॉलम निरुपयोगी. तारीख-वेळ एकत्र हवी, आणि मग युक्ती सोपी आहे: प्रत्येक नोंदीतून सहा तास वजा करा आणि नंतर तारीख काढा. शनिवार २२:०० चे होतात शनिवार १६:००. रविवार पहाटे ३:३० चे शनिवार २१:३०. रविवार ५:५९ चे शनिवार २३:५९, आणि ६:०० ला रविवार सुरू. टेपेची शिवण आपण पाळी संपते त्या जागी सरकवली, एवढंच. (हे फक्त हिशोबापुरतं. सरकवलेली वेळ साठवून ठेवणाऱ्याला पुढचा माणूस माफ करत नाही.)

खगोलशास्त्रज्ञांनी ही शिवण फार आधी सरकवली होती. रात्रभर दुर्बिणीला डोळा लावणाऱ्याच्या वहीत ऐन निरीक्षणाच्या मधोमध तारीख बदलणं गैरसोयीचं, म्हणून त्यांचा दिवस दुपारी बाराला सुरू व्हायचा. ब्रिटिश नॉटिकल अल्मनॅकने, म्हणजे खलाशांच्या खगोलीय पंचांगाने, १ जानेवारी १९२५ पासून ही पद्धत सोडून मध्यरात्र स्वीकारली. पण सलग दिवस मोजणारा ज्युलियन दिनांक अजून दुपारीच बदलतो: १ जानेवारी २००० च्या दुपारी बाराला तो २४५१५४५ झाला आणि पुढच्या दुपारपर्यंत तोच राहिला.

दुसरी वाट म्हणजे शिवणच न घालता टेप पुढे चालू ठेवायची. जपानमध्ये टीव्हीच्या वेळापत्रकात '२५ वाजता' असं सर्रास छापतात, म्हणजे रात्रीचा एक, पण आदल्या दिवसाच्या खात्यावर. सार्वजनिक वाहतुकीची वेळापत्रकं देण्याघेण्याचा जीटीएफएस हा नमुना २००५ च्या सुमारास गूगल आणि अमेरिकेतल्या पोर्टलंडची ट्रायमेट ही वाहतूक संस्था यांच्या कामातून आला, त्यातही २३:५० ला सुटलेली गाडी २५:१० ला पोचते. सुरुवात लहान, शेवट मोठा, आणि बिचारा बिटवीन बरोबर चालतो.

पण ही २५:१० मोजायची कुठून? मध्यरात्रीपासून, असं कुणीही म्हणेल. जिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात तिथे मध्यरात्रीवर इतका भरवसा ठेवता येत नाही. ज्या रात्री घड्याळ पुढे जातं ती दहा ते सहाची पाळी सात तासांची असते आणि मागे येतं त्या रात्री नऊ तासांची. वरचं माझं १४४० चं सूत्र दोन्ही रात्री ४८० मिनिटंच सांगेल. ब्राझीलमधल्या साओ पाउलोत तर ४ नोव्हेंबर २०१८ ला घड्याळ बरोबर मध्यरात्री पुढे गेलं. २३:५९:५९ नंतर थेट ०१:००. त्या तारखेला ००:०० ही वेळ तिथे झालीच नाही, आणि 'आजचा दिवस कधी सुरू झाला?' याला 'मध्यरात्री' हे उत्तर चुकीचं होतं. जीटीएफएसच्या नियमात म्हणून सेवादिवसाची, म्हणजे गाडी ज्या दिवसाच्या खात्यावर धावते त्या दिवसाची, वेळ 'दुपारचे बारा, वजा बारा तास' इथपासून मोजायला सांगितली आहे. बहुतेक दिवशी ती मध्यरात्रच असते. घड्याळ बदलतं त्या दिवशी ती तासाभराने हुकते, आणि ती हुकावी म्हणूनच नियम तसा लिहिलेला आहे.