दुधाळ बाटली ते आठवड्याची सुई

इंदूरच्या रामबागेत ज्या मराठी घरांत मधुमेह दोन पिढ्या मुक्कामाला आहे, तिथे फ्रिजच्या दारात बहुधा दोन तऱ्हांचं इन्सुलिन सापडतं. आजोबांची बाटली दुधाळ, टोचण्याआधी तळहातांत घोळवावी लागणारी. मुलाच्या टोचायच्या पेनमधलं पाण्यासारखं स्वच्छ. काम एकच: जेवण असो-नसो, रात्रंदिवस शरीराला लागणारं थोडंथोडं इन्सुलिन पुरवत राहणं. सकाळच्या पोहे-जिलेबीचा हिशेब या दोघांकडेही मागायचा नसतो; त्यासाठी जेवणाआधीचं वेगळं इन्सुलिन असतं. शुगर वाढली म्हणून रात्रीचाच डोस मनानं वाढवणारे मात्र घरोघरी भेटतात.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या मुलाला इन्सुलिन दिलं गेलं. माणसं वाचू लागली, पण ते इन्सुलिन सहा-आठ तासांत संपायचं. दिवसाला तीन-चार सुया आणि रात्रीची काळजी वेगळीच. तेव्हापासूनची सगळी खटपट त्याला कातडीखाली रेंगाळत ठेवण्याची आहे.

पहिली युक्ती डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन हागेडॉर्नची, १९३६ ची. त्यानं ट्राउट माशाच्या वीर्यातलं प्रोटामिन हे प्रथिन इन्सुलिनला जोडलं. ही जोडी शरीरात सहज विरघळत नाही, हळूहळू सुटते. (सोवळ्यातल्या आजोबांना हे न सांगितलेलं बरं. तसंही तेव्हाचं मूळ इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच यायचं.) टोरांटोच्या स्कॉट आणि फिशर यांनी त्यात जस्त घातलं, तेव्हा परिणाम दिवसाच्याही पुढे गेला. पण जादा प्रोटामिन सोबत मिसळलेल्या जलद, म्हणजे जेवणाआधीच्या, इन्सुलिनलाही धरून ठेवायचं. १९४६ मध्ये हागेडॉर्नच्याच प्रयोगशाळेत प्रमाण नेमकं जुळलं, जादा प्रोटामिन उरेना. तेच एनपीएच (न्यूट्रल प्रोटामिन हागेडॉर्न), म्हणजे आजोबांची दुधाळ बाटली.

तिचे स्फटिक तळाशी बसतात. नीट घोळवली नाही तर एके दिवशी डोस कमी, दुसऱ्या दिवशी जास्त. त्याहून मोठी अडचण म्हणजे तिचा जोर सपाट नसतो. रात्री नऊला टोचली की दोन-तीनच्या सुमाराला तो शिगेला पोचू शकतो. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, मध्यरात्री गराडू (तळलेला कंद) हाणून आलेला माणूस यातून एखादे वेळी निभावून जाईल. साडेसातला अर्धी पोळी खाऊन झोपलेल्या आजोबांना मात्र शुगर फार उतरून दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, आणि आजी अंधारात साखरेचा डबा शोधते.

यावर उतारा मिळायला प्रत्यक्ष रेणूत हात घालावा लागला. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन अमेरिकेत मंजूर झालं, आणि त्याच तंत्रानं रेणूची रचना बदलणंही शक्य झालं. इन्सुलिनचा रेणू म्हणजे अमिनो आम्लांच्या (प्रथिनांच्या घटकांच्या) दोन साखळ्या. २००० साली आलेल्या ग्लार्जिन या इन्सुलिनमध्ये एका साखळीतलं २१ वं अमिनो आम्ल बदललं आहे, दुसरीच्या टोकाला आर्जिनिन नावाची दोन अमिनो आम्लं जोडली आहेत. एवढ्यानं ते आम्लधर्मी द्रावणात विरघळलेलं राहतं, पण कातडीखाली आम्लता गेली की सूक्ष्म कणांच्या रूपात साकळतं आणि साधारण २४ तास झिरपत राहतं. फारसा चढ-उतार नाही. द्रावण आम्लधर्मी असल्यामुळेच ते दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये भरायचं नसतं.

पण यातून नवाच घोटाळा झाला. दुधाळ ते रात्रीचं आणि स्वच्छ ते जेवणाचं, ही जुन्या लोकांची खूण मोडली. आता दोन्ही स्वच्छ. पेनांची अदलाबदल झाली तर अख्खा रात्रीचा डोस जलद इन्सुलिनचा जाऊ शकतो. पेनांवर ठळक अक्षरांत लिहून ठेवणारी घरं शहाणी.

नंतरच्या डेटेमिर या इन्सुलिनला मेदाम्लाची (चरबीच्या घटकाची) शेपटी लावली, जी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटते. डेग्लुडेक हे आणखी एक इन्सुलिन कातडीखाली रेणूंच्या लांबच लांब साखळ्या करतं आणि ४० तासांच्या वर टिकतं. शेपटीचीच युक्ती वाढवून केलेलं आयकोडेक आठवड्यातून एकदाच घ्यायचं. युरोपात त्याला २०२४ मध्ये परवानगी मिळाली. टाइप-१ मधुमेहाच्या (ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही) चाचणीत मात्र शुगर लो होण्याचे प्रसंग रोजच्या डेग्लुडेकपेक्षा जास्त दिसले, आणि टोचलेला डोस पुढचे कित्येक दिवस अंगात राहतो.