वॉर्मरभोवतीची माणसं

जन्मणाऱ्या शंभर बाळांपैकी साधारण नव्वद आपली आपण रडतात. उरलेल्या दहांना श्वास सुरू व्हायला थोडीफार मदत लागते. पुसणं, पाठ चोळणं, तरीही श्वास नसेल तर अंबू बॅगने, म्हणजे मास्क जोडलेल्या हाताने दाबायच्या फुग्याने, हवा देणं, हे सगळं पहिल्या मिनिटाच्या आत.

मुंबईतल्या एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयाची रात्रपाळी घ्या. लेबर रूममधून फोन येतो, बालरोग विभागाचा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, धावत पोचतो. वॉर्मरपाशी, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या खाटेपाशी, उभी सिस्टर त्याच्या आईच्या वयाची आणि दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक नसतं. बाळ यायला दोन मिनिटं असली तरी पुरतात: किती आठवड्यांचं, गर्भाभोवतीचं पाणी स्वच्छ आहे का, नाळ कधी कापायची, आणखी काही धोका? आणि लगेच, बॅग कोण धरणार, ठोके कोण मोजणार.

ठोके मोजायची रीत बघण्यासारखी असते. सिस्टर स्टेथोस्कोप लावून सहा सेकंद मोजते नि आकड्याला दहाने गुणते. पाच ठोके म्हणजे मिनिटाला ५०. मोजताना प्रत्येक ठोक्याला बोट गादीवर आपटते, म्हणजे बाकीच्यांनाही तो दिसतो. ३० सेकंद नीट हवा देऊनही ठोके साठच्या खालीच राहिले, तर छाती दाबायची: तीनदा दाब, एकदा हवा. दोन्ही एकदम झालं तर हवा आत जात नाही, म्हणून दाबणारा मोठ्याने मोजतो, "एक, दोन, तीन, हवा."

ठोके वाढवायच्या औषधाचं आणखी नाजूक. आपल्याकडे अ‍ॅड्रेनलिनची अ‍ॅम्प्यूल सहसा १:१००० तीव्रतेची असते, बाळाला लागतं १:१०,०००. नुसतं "अ‍ॅड्रेनलिन द्या" म्हणून भागत नाही. भरणाऱ्याचं नाव घेऊन, डोस सांगून मागायचं. भरणाऱ्याने "दहापट पातळ केलंय, इतके मिली" असं परत म्हणायचं, आणि दिल्यावर "दिलं". हा पोपटपंचीचा प्रकार वाटतो खरा, पण न बोलता राहिलेलं पातळ करणं म्हणजे दहापट डोस.

रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या अमेरिकेच्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये बाळंतपणात बाळ दगावल्याच्या किंवा कायमची इजा झाल्याच्या ४७ घटना तपासल्या. त्यातल्या ७२ टक्के घटनांच्या मुळाशी संवादातला घोटाळा निघाला.

आपल्याकडे सगळ्यात जड जातं ते "डॉक्टर, छाती हलत नाहीये" हे चारचौघांत म्हणणं. मास्क किंचित सरकला तर हवा बाजूने निसटते. बॅग दाबणाऱ्याला ते कळतंच असं नाही, शेजारच्या सिस्टरला दिसतं. पण मोठ्या डॉक्टरला टोकायचं कसं? माझ्या मते याचं उत्तर डॉक्टरनेच आधी द्यायला हवं: "काही चुकतंय वाटलं तर लगेच सांगा."

सरकारच्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात २००९ पासून बाहुल्यावर हे सगळं शिकवलं जातं. पण रेसिडेंटच्या पोस्टिंग बदलतात, सिस्टरच्या पाळ्या बदलतात. एकत्र शिकलेले दोघे रात्री एका वॉर्मरपाशी क्वचितच भेटतात. तेव्हा बाहुला प्रशिक्षणाच्या हॉलमधून उचलून लेबर रूममध्येच न्यावा आणि त्या पाळीला जे असतील त्यांनीच दहा मिनिटं सराव करावा, गरम कपडा धरणाऱ्या मावशींसकट.