ओले रनिंग शूज दुकानात आणण्याआधी एवढं वाचा

दसरा झाला की सोमवारी सकाळी दुकानात ठरलेलं दृश्य असतं. काउंटरवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कालच्या रेसमध्ये भिजलेले बूट आणि "दादा, पुढच्या रविवारी पुन्हा पळायचंय, एवढा सोल चिकटवून द्या ना आजच्या आज." पिशवीची गाठ सोडल्यावर येणाऱ्या वासाबद्दल इथे लिहीत नाही.

परतीचा पाऊस नाशिकला सांगून येत नाही. छाटणी उरकलेला द्राक्षबागायतदार आणि बिब (छातीवर लावायचा रेसचा नंबर) घेऊन आलेला रनर, दोघेही शनिवारी रात्री सारखे आभाळाकडे बघत असतात. 2023 साली तर 26 नोव्हेंबरला, रविवारीच, निफाडकडे गारा पडल्या. तेव्हा या दिवसांत बूट भिजणार हे धरूनच चाला. भिजल्याने चांगला बूट सहसा बिघडत नाही. बिघडतो तो घरी पोचल्यावर, वाळवताना.

गेल्या वर्षी गंगापूर रोडचे एक काका जोडी घेऊन आले. दोन महिन्यांपूर्वीची, आमच्याकडूनच घेतलेली. उजव्या बुटाचा सोल पुढून सुसरीच्या जबड्यासारखा उघडलेला, आणि डावा बूट उजव्यापेक्षा नखभर आखूड. काका म्हणाले, माल खराब दिलात. चौकशी केली तेव्हा कळलं, रात्री उजवा इन्व्हर्टरवर ठेवला होता आणि डाव्यात हेअर ड्रायर खुपसून काका चहा प्यायला गेले होते. हेच कोणी गिझरच्या पाइपावर करतं, कोणी फ्रिजच्या मागे, कोणी बंद गाडीत काचेखाली. पाऊस उघडला की ऑक्टोबरचं ऊन असं तापतं की गच्चीची फरशीसुद्धा तव्याचं काम करते.

असं का होतं ते सांगतो. रनिंग शूजला शिलाई नावापुरती असते. अप्पर (बुटाचा वरचा भाग), मधला फोम आणि खालचं रबर हे सगळं सोल्युशनवर, म्हणजे चिकटवायच्या गोंदावर, उभं असतं. हे सोल्युशन कारखान्यात उष्णता देऊनच चिकटवलेलं असतं, म्हणून पुन्हा उष्णता लागली की ते मऊ पडतं. हाताला चटका बसायच्या जरा अलीकडची उष्णताही त्याला पुरते. त्यात फोम तापून आकसतो, रबर तेवढं आकसत नाही, मग दोघांची ओढाताण होऊन कड सुटते. सुटलेली कड पुन्हा लावता येते, पण आकसलेला फोम परत फुगत नाही. काकांचा डावा बूट आम्हाला वाचवता आला नाही.

इथे हुशार गिऱ्हाईक हटकून विचारतं, "तुम्हीपण तर गरम हवाच मारता." मारतो. पण आधी दोन्ही बाजू घासून स्वच्छ करतो, प्रायमर लावतो, सोल्युशनचा हात देतो, ते सुकू देतो, मग फक्त त्या थरावर थोडा वेळ हवा आणि लगेच प्रेस. गरम केल्यावर दाबलं तर चिकटतं, गरम करून नुसतं सोडून दिलं तर सुटतं. प्रेसमधून काढल्यावरही चोवीस तास बूट पायात घालू नये. आणि फोममध्ये पाणी असेल तर यातलं काहीच करता येत नाही. ओल्यावर चिकटवलेला सोल तिसऱ्या किलोमीटरला हातात येतो आणि नाव आमचं जातं. म्हणून ओला बूट आला की आधी दोन दिवस आमच्या पंख्याखाली जातो. "एवढ्याशा कामाला आठवडा?" असं विचारण्याआधी त्यातले दोन दिवस पाण्याचे आहेत, एवढं लक्षात घ्या.

ते दोन दिवस घरीच वाचवता येतात. रेसहून आल्यावर नाड्या पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढा, इनसोल (आतली सुटी गादी) काढून वेगळा ठेवा. चिखल साध्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने काढा. वॉशिंग मशीन नको. मग आत रद्दीचे बोळे कोंबा, पार टोकापर्यंत. पहिले बोळे तासाभरात ओलेचिंब होतात, ते बदलायचेच. लोक नेमकं हेच विसरतात आणि सकाळी तोच ओला कागद बुटात सापडतो. आतून पांढरे बूट असतील तर छापील कागद टाळा, शाई उतरते. बूट आडवे करून सावलीत पंख्याखाली ठेवा. हवा दमट असेल तर दीड-दोन दिवस लागतात, पण इलाज तोच.

"वॉटरप्रूफ दाखवा" ही दुसरी नेहमीची मागणी. आहेत, महाग आहेत, आणि डांबरी रस्त्यावरच्या रेससाठी आम्ही ते गळ्यात मारत नाही. पाणी वरून, मोज्यातून आत जातं आणि मग बाहेर यायला वाट नसते; उरलेलं अंतर पायात तांब्या बांधून पळायचं. त्यापेक्षा जाळीदार अप्परचा बूट आणि सिंथेटिक मोजे. सुती मोजे पाणी धरतात, आणि फोड त्यानेच येतात. मोजे आमच्याकडे मिळतात. एक जास्तीचा इनसोल जोड घेऊन ठेवलात तर तोही उपयोगी पडतो.

बाकी थोडक्यात: स्टार्टला उभं राहताना मोठ्या प्लास्टिक पिशवीला डोक्या-हातांची भोकं पाडून अंगात घाला आणि सुटताना काढून कचऱ्याच्या डब्यात टाका. मांड्यांना व्हॅसलीन लावा. झेब्राचे पांढरे पट्टे आणि चेंबरची झाकणं ओली असताना घसरतात, तिथे वळू नका. संपल्यावर फोटो नंतर, आधी कोरडा शर्ट.

कोरडे, स्वच्छ बूट सोमवारी दिलेत तर गुरुवारी संध्याकाळी मिळतात. ओले आणलेत तर शनिवार धरा. लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत दुकान बंद असतं, त्या आठवड्यातली कामं वसुबारसेआधी द्या.