गृहजालातील फाइल-वाटप : दोषशोधन

एकाच राउटरला जोडलेल्या घरगुती संगणकांना एकमेकांचे सामायिक फोल्डर दिसेनासे किंवा उघडेनासे झाले, तर कारण शोधण्याची रीत. हे वाटप मुख्यतः एसएमबी (सर्व्हर मेसेज ब्लॉक) या प्रोटोकॉलवर, म्हणजे संगणकांनी फाइली वाटण्याच्या ठरलेल्या नियमसंचावर चालते. लिनक्सवर हेच काम सांबा ही प्रणाली करते. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास तिची सुरुवात केली.

एसएमबीचे जनकत्व आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांच्याकडे जाते, याबद्दल फारसे दुमत नाही. मतभेद आहे तो सालाबद्दल. काही लेखक १९८३, तर काही १९८४ देतात. ज्या ‘पीसी नेटवर्क’ या संगणक-जालाशी हा इतिहास जोडलेला आहे ते आयबीएमने १९८४ मध्ये आणले, त्यामुळे आराखडा आधीचा आणि वापर १९८४ पासूनचा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. फायगेनबॉम यांच्या आद्याक्षरांवरून मूळ नाव ‘बीएएफ’ होते असेही सांगितले जाते.

याच जालासाठी सायटेक कंपनीने तयार केलेल्या नेटबायॉस या नावांवरून संपर्क जुळवणाऱ्या प्रणालीने संगणकांना १६ बाइटांची नावे दिली. त्यांपैकी १५ नावासाठी आणि शेवटचा सेवेचा प्रकार सांगण्यासाठी. पंधराच्या पुढची अक्षरे गळतात, म्हणून लांब नावांचे दोन संगणक या पातळीवर एकच ठरू शकतात. नेटबायॉस टीसीपी-आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या संपर्क-नियमांवर, कसे चालवावे याचे संकेत मार्च १९८७ मध्ये ठरले व १३७, १३८, १३९ हे पोर्ट (संपर्काची क्रमांकित दारे) रूढ झाले. विंडोज २००० पासून नेटबायॉसला वगळून थेट ४४५ क्रमांकाचा पोर्ट वापरता येऊ लागला.

विंडोजच्या ‘नेटवर्क’ खिडकीतील यादी आणि प्रत्यक्ष फाइल उघडणे या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. जुन्या पद्धतीत जालातील संगणक आपसांत चक्क निवडणूक घेऊन यादी ठेवणारा ‘मास्टर ब्राउझर’ ठरवीत. प्रत्येक संगणक साधारण १२ मिनिटांनी आपली हजेरी लावी. तीन हजेऱ्या चुकल्या की नाव कमी होई, आणि दुय्यम याद्यांपर्यंत ही बातमी पोहोचण्यास आणखी १५ मिनिटे लागत. म्हणजे बंद केलेला संगणक ५१ मिनिटांपर्यंत यादीत हयात राहू शके. मे २०१७ मधील वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामच्या हल्ल्याने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेतला. त्याच वर्षीच्या विंडोज १० (१७०९) पासून ही आवृत्ती नव्या मांडणीत मुळात बसवलीच जात नाही, आणि तिच्यावर विसंबलेली जुनी यादीही तिच्याबरोबर गेली. आता यादी यूडीपी पोर्ट ३७०२ वरील डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या उपकरणे शोधणाऱ्या पद्धतीने बनते. त्यासाठी ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा चालू असावी लागते. यादी परत मिळवण्यासाठी पहिली आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला अजून सर्रास दिला जातो. तो ग्राह्य नाही.

त्यामुळे रिकाम्या यादीवरून संपर्क नाही असा निष्कर्ष निघत नाही. पत्त्याच्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेषा व पुढे दुसऱ्या संगणकाचा आयपी पत्ता टाकावा. फोल्डर उघडले तर दोष नाव शोधण्यात आहे. ८००७००३५ हा दोषांक आला तर वाट अडलेली आहे. पिंगला (दुसरा संगणक प्रतिसाद देतो का हे पाहणाऱ्या आज्ञेला) उत्तर न येणे हा मात्र पुरावा नव्हे, कारण फायरवॉल तेही अडवते. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाल ‘पब्लिक’ ठरले असल्यास वाटप बहुधा बंद असते. गेस्ट वायफाय उपकरणांना परस्परांपासून तोडते. फायबरच्या खोक्यामागे आणखी एक राउटर लावलेल्या घरांत एक संगणक १९२.१६८.१ च्या व दुसरा १९२.१६८.० च्या गटात पडलेला आढळतो, म्हणून ते एकमेकांना दिसत नाहीत. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरने पत्ताच दिलेला नाही.

पासवर्ड मागून नाकारले, तर दोष खात्याचा. चार अंकी पिन येथे चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. पासवर्ड नसलेल्या खात्याला जालावरून प्रवेश नसतो. वाटपाची व डिस्कवरील परवानगी वेगळी असल्यास कडक असलेली लागू होते. विंडोज ११ च्या २०२४ मधील २४एच२ आवृत्तीत प्रो व त्यावरील प्रकारांसाठी एसएमबी संदेशांवरील डिजिटल स्वाक्षरी सक्तीची झाल्याने, पासवर्डविना चालणाऱ्या जालाला जोडलेल्या जुन्या साठवण-पेट्या अचानक बंद पडल्यासारख्या वाटतात.

विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये आलेला होमग्रुप हा घरगुती वाटपाचा सोपा पर्याय २०१८ मध्ये काढण्यात आला. मॅकमध्ये २०१३ च्या मॅव्हरिक्स या प्रणाली-आवृत्तीपासून एसएमबीची दुसरी आवृत्ती प्राधान्याने वापरली जाऊ लागली.