संमती आणि शरण जाणे: बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी

बलात्काराची तक्रार उशिरा बाहेर आली की खान्देशातल्या कुठल्याही गावात, पारावर असो वा वकिलाच्या टेबलापाशी, पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मंग तवय काबर बोलनी नही?" (मग तेव्हा का बोलली नाही?) असे विचारणारा प्रत्येक माणूस दुष्ट असतो असे नाही. त्याचा समज एवढाच असतो की जिला नको होते ती ओरडली असती, झटापट झाली असती, बांगड्या फुटल्या असत्या. यातले काहीच झाले नसेल तर तिची मर्जी असली पाहिजे. संमती देणे आणि शरण जाणे या दोन गोष्टींना एकच धरल्यामुळे हा समज तयार होतो. आरडाओरडा दोन्हींत नसतो, अंगावर व्रण दोन्हींत नसू शकतात, आणि तिऱ्हाईताला त्या खोलीतून दोन्ही वेळा सारखीच शांतता ऐकू येते. फरक असतो तो "नाही" म्हणण्याची वाट उघडी होती की नव्हती यात.

कायद्याने हा फरक आता शब्दांत मांडलेला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 नुसार संमती म्हणजे त्या विशिष्ट कृत्यासाठी स्त्रीने शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य प्रकारे व्यक्त केलेली निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची मान्यता. आणि केवळ तिने शरीराने प्रतिकार केला नाही एवढ्या कारणावरून तिची संमती होती असे मानता येत नाही. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीच्या अहवालानंतर 2013 मध्ये ही व्याख्या प्रथम जुन्या दंडसंहितेत आली आणि तिथून नव्या संहितेत. "त्या विशिष्ट कृत्यासाठी" हे शब्द सहज वाचून सोडले जातात, पण बरेचसे वाद तिथेच मिटतात: बोलायला भेटणे, मोटारसायकलवर मागे बसणे, पूर्वी कधीतरी जवळ येणे, यांपैकी कशालाही पुढच्या कृत्याची परवानगी म्हणता येत नाही, आणि दिलेली मान्यता मध्येच मागेही घेता येते.

भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नव्हे, हे तत्त्व मात्र 1860 च्या दंडसंहितेतही होते, आणि करारांच्या बाबतीत 1872 च्या कायद्याने दडपणाखालच्या मान्यतेने झालेला करार रद्द करण्याजोगा ठरवला होता. शहादा-तळोद्याच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. सावकाराच्या कागदावर आदिवासीने उठवलेला अंगठा खराच त्याचा असे, त्याने तो मुकाट्याने उठवलेला असे, तरी जमीन त्याने राजीखुशीने दिली असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकत नव्हते; अशा जमिनी परत देण्यासाठी महाराष्ट्राला 1974 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. जमिनीबद्दल जे आपल्याला चटकन पटते, ते बाईच्या शरीराबद्दल पटायला मात्र आपण साक्षीपुरावे मागतो, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

न्यायालयालाही हा फरक नेहमी दिसला असे नाही. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला आणि त्याचा खटला चालला. (तो खटला तिच्या नावाने ओळखला जातो, पीडितेचे नाव उघड करण्यास नंतर कायद्याने बंदी घातली, म्हणून ते इथे लिहीत नाही.) सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरताना असे म्हटले की धाकाने असहाय होऊन शरीर स्वाधीन करणे म्हणजे इच्छा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1978 मध्ये, अंगावर जखमा नाहीत आणि प्रतिकाराच्या खुणा नाहीत या आधारावर, दोघा पोलिसांची पुन्हा सुटका केली. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्याच्या आत, नातेवाईक बाहेर थांबलेले असताना त्या मुलीने प्रतिकार करायचा म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाला निकालात जागा मिळाली नाही.

सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातला गाभ्याचा मुद्दा असा होता की संमतीत स्वाधीन होणे येते, पण स्वाधीन होण्यात संमती येतेच असे नाही. चौघांपैकी धागमवार यांनी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या अक्राणी भागात आदिवासींच्या जमिनीच्या प्रश्नावर काम केलेले होते, आणि सत्तेपुढचे गप्प राहणे कसे असते हे त्यांना पुस्तकाबाहेरूनही ठाऊक असणार. त्या पत्रानंतर उठलेल्या चळवळीतून 1983 ची दुरुस्ती झाली: पोलीस, सरकारी नोकर, रुग्णालयाचे कर्मचारी यांच्या ताब्यात असलेल्या स्त्रीने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले आणि संबंध सिद्ध झाला, तर संमती नव्हती असेच गृहीत धरायचे. आज हे गृहीतक ज्याची स्त्रीवर हुकमत चालते अशा माणसालाही लागू आहे.

ही हुकमत आपल्याकडे कशी असते, ते ऊसतोडीच्या टोळीकडे पाहिले की कळते. धुळे-नंदुरबारच्या गावांतून दरवर्षी जोडपी ऊसतोडीला बाहेर पडतात, त्यांतली बरीच गुजरातेत जातात, आणि निघण्यापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते, जी फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. समजा, अशा टोळीतल्या बाईला मुकादमाने रात्री कोपीबाहेर, म्हणजे तिच्या झोपडीबाहेर, बोलावले. त्याच्या हातात कोयता नाही, त्याने धमकीचा एक शब्दही उच्चारलेला नाही; पण नवऱ्याचा हिशेब त्याच्या वहीत आहे, गाव दीडशे किलोमीटर दूर आहे आणि उद्या पहाटे त्याच्याच हाताखाली फडात उतरायचे आहे. ती गेली, तर तिने काय दिले? तिने नकाराची किंमत मोजून पाहिली आणि ती आपल्याला परवडणारी नाही एवढे ओळखले. केळीच्या बागेतली मजूर, आश्रमशाळेतली मुलगी आणि अधीक्षक, जिनिंगमधली कामगार आणि ठेकेदार, या सगळ्या जोड्यांत हीच घडण असते. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर मात्र हा विचारच करायचा नसतो. तिने हो म्हटले असले तरी कायद्याच्या दृष्टीने ती संमती नाही.

धाक दिसत नाही आणि हुकमतही नाही, तरीही शरीर हलत नाही, असे पुष्कळदा होते. संकटात माणूस लढतो किंवा पळतो एवढेच आपण ऐकलेले असते. प्रत्यक्षात तिसरी प्रतिक्रिया गोठून जाण्याची आहे. हातपाय जड होतात, आवाज फुटत नाही, काही जणींना आपण छताजवळून स्वतःकडे पाहत आहोत असे वाटते. हे ठरवून होत नाही, तीव्र भीतीत मज्जासंस्थाच तसे करते. स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 70 टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी लक्षणीय प्रमाणात असे गोठल्याचे सांगितले, आणि ज्या गोठल्या होत्या त्यांच्यात पुढे मानसिक आघाताचा विकार आणि तीव्र नैराश्य अधिक आढळले. म्हणजे जिला आपण "काहीच केले नाही" असे म्हणतो, तिलाच पुढे अधिक सोसावे लागण्याची शक्यता असते. पुरुषांना आणि मुलांनाही असेच होते, आणि त्यांना तर हे सांगायलाही जागा नसते.

एकदा घडले ते समजते, पण ती परत का गेली, हा यापुढचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर जळगावकरांना बाहेर शोधायला नको. 1994 मध्ये उघडकीला आलेल्या जळगावच्या प्रकरणात मुलींना आणि स्त्रियांना जाळ्यात ओढून त्यांची छायाचित्रे काढली गेली आणि ती दाखवून त्यांना पुन्हा पुन्हा बोलावले गेले. तपास मोठा झाला, मीरां चढ्ढा-बोरवणकर यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी त्यावर काम केले, तरी बदनामीच्या भीतीने समोर येऊन तक्रार देणाऱ्या थोड्याच निघाल्या. दहा वेळा गेलेली बाई दहा वेळा राजी होती असे मानले तर अशा प्रकरणाचा अर्थच लागत नाही. तिच्या प्रत्येक जाण्यामागे आधीच्या वेळचा फोटो होता. आता त्या फोटोची जागा मोबाईलमधल्या चित्रफितीने घेतली आहे, एवढाच काळाचा फरक.

घटनेनंतरचे वागणेही असेच फसवे असते. 1974 मध्ये अ‍ॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बोस्टनच्या रुग्णालयात आलेल्या स्त्रियांची निरीक्षणे मांडली, तेव्हा काही स्त्रिया रडत, थरथरत होत्या, तर तेवढ्याच काही अगदी शांत, बेतशीर बोलत होत्या. अत्याचार दोघींवर सारखाच झालेला होता. आपल्याकडे मात्र दुसऱ्या दिवशी जी नेहमीसारखी पाणी भरते, भाकरी थापते, लग्नाला जाऊन येते, तिच्यावर विश्वास बसत नाही. आठवणही सलग राहत नाही: भिंतीवरचे कॅलेंडर, घामाचा वास लख्ख आठवतो, पण आधी काय आणि नंतर काय याचा क्रम विस्कटतो, आणि उलटतपासणीत नेमके त्यालाच खोटेपणा म्हणतात. झोप उडणे, दचकणे, त्या रस्त्याने जाणे टाळणे, स्वतःलाच दोष देणे, हे महिनोन्‌महिने चालू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या गुरमीत सिंग खटल्यात तक्रारीला उशीर झाला म्हणून ती खोटी ठरत नाही असे स्पष्ट केले आहे, आणि कौमार्य तपासणारी दोन बोटांची चाचणी तर 2013 पासून नाकारलेली आहे.

तरी वेळेला महत्त्व आहे ते पुराव्याच्या आणि उपचाराच्या कारणाने. शरीरावरचे नमुने साधारण 96 तासांपर्यंत घेतले जातात, एचआयव्हीपासून बचावाची औषधे 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितकी लवकर तितकी बरी. सरकारी असो वा खाजगी, रुग्णालयाला पीडितेवर तातडीने विनामूल्य उपचार करावेच लागतात. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, हद्द आड येत नाही, आणि जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने पीडितेच्या घरी किंवा तिने सांगितलेल्या ठिकाणी घ्यायचा असतो. या जबाबात बहुतेक वेळा "विरोध केला नाही" एवढेच उतरते आणि का केला नाही हे राहून जाते. मुकादमाची उचल, फोटो, गोठलेला आवाज या गोष्टी तिथे लिहिल्या गेल्या पाहिजेत. सोबत बसलेल्या आईने, आशाताईने किंवा वकिलाने तो कागद त्यासाठी वाचून घ्यावा.

उलट दिशेनेही गल्लत होते, तीही सांगितली पाहिजे. दोन प्रौढांनी मनापासून संबंध ठेवला आणि पुढे त्यांचे बिनसले, तर नंतरच्या पश्चात्तापाने आधीची संमती नाहीशी होत नाही. लग्न करायचेच नव्हते, तरी वचन देऊन संबंध ठेवला असेल, तर त्यासाठी नव्या संहितेत कलम 69 हा वेगळा गुन्हा आहे. सज्ञान मुलगी ज्याच्यासोबत पळून गेली त्याच मुलाविरुद्ध तिला घरच्यांच्या दबावाखाली तक्रार द्यावी लागणे, हेही एका अर्थी शरण जाणेच. फक्त या वेळी ते वडीलधाऱ्यांपुढे असते.

गावातल्या तडजोडीचेही तेच. पंच बसतात, रक्कम ठरते, मुलीचा बाप मान डोलावतो आणि प्रकरण मिटले असे सगळे म्हणतात. बापाची मान ही मुलीची संमती नसते, आणि झाल्या कृत्याला मागाहून संमती जोडताही येत नाही. बलात्काराचा गुन्हा पक्षकारांनी आपसात मिटवण्याजोगा नाही, आणि तडजोड झाली म्हणून शिक्षा कमी करता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बजावले आहे.

एका ठिकाणी मात्र कायदा स्वतःच हा फरक पाहायचे नाकारतो. पत्नी अठरा वर्षांवरील असेल तर तिच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याने केलेला संबंध कलम 63 च्या अपवादामुळे बलात्कार ठरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे यावर 2022 मध्ये एकमत झाले नाही आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. अशा पत्नीला आज 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षणाचा आदेश मागता येतो, कारण त्या कायद्यात लैंगिक छळ हा हिंसाचारच आहे; त्यासाठी अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे करता येतो, आणि रात्री-अपरात्री मदत हवी असेल तर 181 किंवा 112 हे क्रमांक चालू असतात.