बसलाच आहात, तर हात पुढे करा

भांडुपला आमच्या गल्लीतलं मंडळ दरवर्षी गणपतीच्या आधी एखाद्या रविवारी आरोग्य शिबिर घेतं. सकाळी दहाला टेबलं लागतात. बीपीचं मशीन, साखर तपासायच्या पट्ट्या, वजनकाटा. रजिस्टर लिहायचं काम माझ्याकडे. गेल्या खेपेला पहिलं पान भरलं तेव्हा त्यात पुरुषांची नावं दोनच होती, आणि दोघेही सत्तरीपलीकडचे. बाकीचे पुरुष तिथे नव्हते असं नाही. मंडप त्यांनीच बांधला होता, खुर्च्याही त्यांनीच आणल्या होत्या. आता ते चहाचे ग्लास घेऊन दहा फुटांवर उभे होते. "या की," म्हटलं तर उत्तर आलं, "आधी बायकांचं होऊ दे." बायकांचं झालं तोवर हे जेवायला घरी गेले.

संध्याकाळी मशीन परत करायला निघालो आणि वाटेत केस कापायला सलूनमध्ये शिरलो. पिशवीत काय आहे म्हणून मालकाने विचारलं. सांगितल्यावर त्याने बाही वर केली, "लावून तर बघा." त्याचं झालं आणि बाकावर नंबर लावून बसलेल्या चौघांनी एकामागून एक हात पुढे केले. सकाळच्या चहावाल्या घोळक्यातले दोघे त्यात होते! एक जण टेम्पोवर माल चढवणारा, चाळिशीही न गाठलेला. त्याचा रक्तदाब निघाला १६८/१०४. पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा घेतला, तरी वरचा आकडा १६४. तो म्हणाला, "पण मला तर काहीच होत नाही."

होत नाहीच, तीच तर पंचाईत आहे. वाढलेला दाब रक्तवाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षं जाड आणि ताठ करत राहतो. हृदयाचा स्नायू जास्त जोर लावून लावून फुगतो, मूत्रपिंडातल्या केसासारख्या वाहिन्या खराब होत जातात आणि माणूस मात्र रोज पन्नास किलोची पोती उचलत असतो. मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये १८ ते ६९ वयाच्या मुंबईकरांची पाहणी केली. त्यात ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आणि १८ टक्के लोकांना मधुमेह निघाला. म्हणजे बाकावर तिघे बसले तर त्यातला एक रक्तदाबाचा.

पुरुष डॉक्टरकडे का जात नाहीत, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे मर्दानगीचा ताठा. थोडा असेलही. पण मला ते उत्तर आळशी वाटतं. बाईची आणि आरोग्यव्यवस्थेची गाठ बाळंतपणाच्या निमित्ताने पडतेच. नाव नोंदवलं जातं, कार्ड मिळतं, दर खेपेला वजन आणि रक्तदाब लिहिला जातो, नंतर बाळाच्या लसी, अंगणवाडी. आरोग्यसेविका दारावर येते तीही दुपारी, बाई घरी असताना. पुरुषाला शाळेतल्या वैद्यकीय तपासणीनंतर असं एकही दार नाही. रोजंदारीवर असेल तर दवाखान्याची सकाळ म्हणजे सरळ एक खाडा. ताठा वगैरे पुढचं, आधी तो खाड्याचा हिशेब करतो.

म्हणून जगात ठिकठिकाणी उलट वाट धरली गेली. पुरुष जिथे आपणहून आणि स्वस्थ बसतो, तिथेच जायचं. सलूनचा सगळ्यात भक्कम पुरावा अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचा आहे. डॉ. रोनाल्ड व्हिक्टर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ५२ सलूनमधले, रक्तदाब वाढलेले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष निवडले. अर्ध्या सलूनमध्ये कारागिरांनी गिऱ्हाइकांना सल्ला दिला, डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं. उरलेल्या सलूनमध्ये प्रशिक्षित औषधतज्ज्ञ स्वतः यायचे आणि गिऱ्हाइकाच्या डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार तिथेच औषध लिहून द्यायचे, मात्रा बदलायचे. सहा महिन्यांनी सल्ल्याच्या गटात वरचा आकडा सरासरी ९ ने उतरला. औषधतज्ज्ञांच्या गटात तो २७ ने उतरला, आणि १३०/८० च्या खाली आलेले जवळपास ६४ टक्के होते. दुसऱ्या गटात ते १२ टक्क्यांच्या आसपास. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

२७ आणि ९ मधला हा फरक आपल्याकडच्या शिबिरवाल्यांनी, म्हणजे मीही त्यात आलोच, नीट बघायला हवा. मशीन दोन्हीकडे होतं, आपुलकीही होती. फरक पडला तो गोळी तिथेच लिहून मिळाल्यामुळे आणि पुढच्या महिन्यात तोच माणूस परत भेटल्यामुळे. आमच्या शिबिरात काय होतं? आकडा चिठ्ठीवर लिहायचा, 'मीठ कमी करा' म्हणायचं, फोटो काढायचा, बॅनर उतरवायचा.

आता त्या खुर्चीकडे जरा जवळून बघू. रक्तदाब मोजण्याचे नियम वाचले तर ते सलूनच्या खुर्चीसाठीच लिहिलेत की काय असं वाटतं. पाठ टेकलेली हवी, हाताला आधार हवा, पाच मिनिटं शांत बसलेला हवा. आधीचा अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. हाताची उंची फार महत्त्वाची. दंडावर बांधायचा पट्टा हृदयाच्या पातळीला हवा. हात दर १० सेंटिमीटर खाली लोंबला की रक्ताच्या वजनानेच आकडा साधारण ८ ने वाढतो. एकाच माणसाचे दोन टेबलांवर दोन आकडे येतात ते बरेचदा यामुळे. डिजिटल मशीन पट्ट्यातली हवा सोडताना धमनीच्या ठोक्यांची थरथर टिपतं आणि तिच्यावरून दोन्ही आकडे काढतं. त्यामुळे तेवढा वेळ हात हलवायचा नाही, बोलायचं नाही. सलूनमध्ये हे शेवटचं महाकठीण! मालकाला सांगावं लागलं की मशीन चालू असताना ट्रिमर बंद आणि क्रिकेटही बंद. पाय मात्र खुर्चीच्या दांडीवरून काढून जमिनीवर सपाट ठेवायला लावायचे आणि दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्यायचा. लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो.

शिवाय पांढऱ्या कोटाची भानगड सलूनमध्ये नाही. डॉक्टरसमोर बसल्यावर कित्येकांचा दाब नुसत्या धास्तीने चढतो, तर ज्याच्या हातात आपण वर्षानुवर्षं गळा देतो त्या कारागिरापुढे कसली धास्ती?

या कारागिराला आणखी एक गोष्ट दिसते, जी घरच्यांनाही दिसत नाही. दाढी करताना तो म्हणतो, "गाल फुगवा." काही जणांना गाल फुगवताच येत नाही. शीळ वाजवता येत नाही, तिखट घास तोंडात आग आग करतो. सुपारी, मावा, गुटखा चघळणाऱ्यांत गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतूंचे पट्टे तयार होतात. सुपारीतला अरेकोलीन हा घटक तंतू बनवणाऱ्या पेशींना डिवचतो. त्या कोलॅजन बनवत राहतात आणि ते मोडून काढण्याचं काम मंदावतं. मऊ गाल चामड्यासारखा होतो, तोंड उघडणं कमी होत जातं. घरच्या घरी बघायचं तर आपलीच तीन बोटं उभी तोंडात घालून बघा. सहज गेली तर ठीक, दोनच जात असतील तर दंतवैद्याकडे जा. या आजारातून पुढे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, आणि भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तोच आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ती टपरीवर किती पाळली जाते ते नाक्यावर उभं राहून बघावं. 'मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी' म्हणणाऱ्यांसाठी सांगायचं तर कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं.

तोंड तपासायला फार मोठी विद्या लागत नाही. केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून सुमारे १ लाख ९० हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला. निम्म्या भागात डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते घरोघर जाऊन बॅटरीच्या उजेडात तोंड बघायचे. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली की पुढे पाठवायचे. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्या भागात ३४ टक्क्यांनी कमी झाले.

मुंबईला हे असं माणसांपर्यंत जाणं नवीन नाही. एचआयव्हीच्या काळात हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांचे कार्यकर्ते पुरुष जिथे भेटतात तिथेच जाऊन बोलत होते, आणि बोलणारा त्यांच्यातलाच असायचा. त्याहून मला भावतो तो 'रिश्ता' नावाचा प्रकल्प. २००० नंतरच्या दशकात उत्तर-पूर्व मुंबईतल्या वस्त्यांमध्ये तो चालला. संशोधक एचआयव्हीबद्दल बोलायला गेले आणि पुरुष बोलायला लागले 'गुप्तरोगा'बद्दल. धात जाते, कमजोरी आहे, लवकर आटोपतं. वैद्यकाच्या पुस्तकात यातलं बरंचसं रोग म्हणून बसत नाही. शहाणा डॉक्टर 'काही नाही, मनाचा खेळ' म्हणून घरी धाडेल, आणि मग तो माणूस लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातीवरच्या पत्त्यावर जाईल. या मंडळींनी तसं केलं नाही. पुरुषांची स्वतःची तक्रार हेच दार धरलं. पालिकेच्या आरोग्य केंद्रात खास पुरुषांसाठी दवाखाना सुरू केला आणि वस्तीतल्या वैद्य-हकिमांनाही शिकवलं.

त्या धातीचं म्हणाल, तर 'शंभर थेंब रक्ताचा एक थेंब' हे गणित कुठल्याही शरीरशास्त्रात नाही. वीर्य एका वेळी चमचाभर असतं. त्यातला निम्म्याहून जास्त द्रव शुक्राशयातला, उरलेला मुख्यतः प्रोस्टेट ग्रंथीतला. शुक्रजंतू म्हणाल तर फार तर पाच टक्के. ते रक्तातून गाळून निघत नाहीत, वृषणात तयार होतात. एका शुक्रजंतूला सुमारे अडीच महिने लागतात, पण कारखाना रात्रंदिवस चालू असतो. झोपेत वीर्य जाणं म्हणजे भरलेलं भांडं सांडणं, त्याने गुडघे दुखत नाहीत. हे कोणी चौदाव्या वर्षी सांगितलं असतं तर किती जणांचे पैसे आणि झोप वाचली असती!

चौदाव्या वर्षी सांगायची आणखी एक गोष्ट आहे आणि तिथे उशीर चालत नाही. वाढत्या वयातल्या मुलाचं एक वृषण कधीकधी स्वतःभोवती पीळ खातं. ज्या दोरीवर ते टांगलेलं असतं त्यातूनच रक्त येतं, त्यामुळे पीळ पडला की पुरवठा बंद. एकाएकी जीवघेणी कळ, उलटी, एका बाजूला सूज. पहिल्या सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुतेक वेळा वाचतं, दिवस उलटला तर बहुधा काढूनच टाकावं लागतं. आणि मुलगा घरी काय सांगतो? "पोटात दुखतंय." ती कळ ओटीपोटात जातेही, म्हणून ते अगदीच खोटं नसतं. आई ओवा देते. रात्र जाते. लाजेची किंमत इतक्या रोखठोक तासांत मोजता येईल अशी दुसरी दुखणी मला फारशी आठवत नाहीत. मुलगा पोटात दुखतंय म्हणाला तर 'खाली दुखतंय का?' हा एक प्रश्न बापाने विचारावा.

मुलांसाठी सरकारी दारं आहेत, पण ती त्यांना ठाऊक नसतात. सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' आहेत, किशोरवयीन मुलामुलींसाठी. शाळेतल्या लोहाच्या गोळ्या मुलींच्या समजल्या जातात. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते १९ वयाच्या १०० मुलांपैकी ३१ जणांच्या अंगात रक्त कमी निघालं. मुलाशी बोलणारा माणूस कोण, तर मुंबईत बहुतेक वेळा क्रिकेटचा कोच. ते ओळखून 'परिवर्तन' या कार्यक्रमात कोचनाच तयार केलं होतं. तिथे विषय मुलींशी नीट वागण्याचा होता, पण सरावानंतर मैदानात गोल करून बसलेली ती पोरं आणखी कशाकशाबद्दल ऐकतील.

आमच्या टेम्पोवाल्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. २०२२ मध्ये सुरू झालेल्या पालिकेच्या 'आपला दवाखाना'पैकी बरेच रात्री दहापर्यंत उघडे असतात, हे त्याला माहीत नव्हतं. सलूनमालक स्वतः त्याला घेऊन गेला. रोज एक गोळी लागू झाली, पैसे पडले नाहीत, खाडाही नाही. मंडळाने एक मशीन सलूनमध्येच ठेवलंय, आरशाशेजारच्या खिळ्याला, टॉवेलांच्या बाजूला त्याचा पट्टा लटकतो. कॅलेंडरच्या पाठीमागे मालक आकडे लिहितो, वळणदार देवनागरीत, नावापुढे तारीख आणि दोन आकडे. परवा गेलो तेव्हा टेम्पोवाल्याच्या ओळीत १३८/८८ होतं. खालच्या दोन ओळी रिकाम्या होत्या. "गोळ्या संपल्यात त्याच्या, आणि आता बरं वाटतंय म्हणून आणत नाही," मालक म्हणाला आणि वस्तरा पुसत त्याला फोन लावला.